टर्टल फोर्कचा पॉपॉ

व्हेस्टा कॉडिलच्या परसातल्या पॉपॉला सलग चार वर्षं फुलं आली आणि चारही वर्षं एक फळ म्हणून धरलं नाही. टर्टल फोर्कच्या घळीत ही गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं, कारण एप्रिल लागला की व्हेस्टा त्या झाडांच्या फांद्यांना कोंबडीच्या माना टांगायची. पॉपॉचं फूल काळपट लाल, मान खाली घालून लोंबणारं. मधमाशी त्याला विचारत नाही. त्याला येतो नासक्या मांसाचा वास, आणि त्या वासाला येतात माश्या. त्या जास्त याव्यात म्हणून घळीतले जुने लोक झाडाला काहीबाही मेलेलं टांगत आलेत. व्हेस्टाच्या माना रस्त्यावरून दिसायच्या आणि वारा फिरला की त्यांचा वासही रस्त्यावर जायचा.

"मिस व्हेस्टा, आज जेवायला काय?" टपालवाला गाडी हळू करून विचारायचा.

"तुझा वाटा वर टांगलाय. उतरवून घे," ती म्हणायची.

तिचा नवरा होबर्ट तीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवून घरी बसलेला. तिसऱ्या वर्षी त्याने रस्त्यावर गाडीखाली आलेला मांजराएवढा एक पॉसम शेपटीला धरून आणला आणि फांदीला अडकवला. "कोंबडीनं भागत नाही," तो म्हणाला. "म्हटलं, मोठा माल लावावा."

माश्या भरपूर आल्या. फळ आलं नाही.

ज्या झाडासाठी हा खटाटोप चालला होता ते तेव्हा जमिनीवर उरलेलंच नव्हतं. होबर्टच्या बापाचं, एल्झी कॉडिलचं ते झाड. झाड म्हणजे खरं तर ओढ्याच्या अलीकडच्या काठावर एका मुळातून उठलेल्या दहाबारा खोडांची राई. पॉपॉ या डोंगरांत कुठंही उगवतो. पपईशी त्याचं काही नातं नाही, असलंच तर आपल्या सीताफळाशी आहे: बाहेरून हिरवा, आत पिवळा मऊ गर, गरात चपट्या तपकिरी बिया. रानातल्या बहुतेक झाडांचं फळ एकदा खाऊन माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. एल्झीच्या झाडाचं तसं नव्हतं. पिकलेल्या केळ्यात काकवी कालवावी तशी त्याची चव, आणि सालीजवळ गेलं की एक बारीकशी कडवट कड. सप्टेंबरात घळीतली माणसं बादल्या घेऊन यायची. एल्झीचा नियम एकच होता. फळ तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं.

व्हेस्टा एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली आणि पुढं एकतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी ती दोनशे चाळीस पोरांना पॉपॉचं पुडिंग करून घालायची. गर चाळणीतून हाताने काढायला दोन दिवस लागायचे. आज पन्नाशीला आलेली माणसं बाजारात तिला थांबवतात आणि पाढे विसरलो पण ते पुडिंग आठवतं, असं सांगतात. तिला त्याचं नवल वाटत नाही. पुडिंग चांगलंच व्हायचं.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. खुणेच्या खुंट्या ठोकल्या गेल्या त्या थेट राईच्या मधून. यंत्रं यायच्या आधी, मार्चमध्ये पानं फुटण्यापूर्वी, व्हेस्टाने मुळांवरचे अकरा फुटवे खणून आणले. पॉपॉचा फुटवा उपटून लावला तर बहुधा मरतो, कारण त्याला स्वतःची मुळं नसल्यासारखीच असतात. अकरातले सात मेले. उरलेल्या चारांना तिने दोन उन्हाळे गोणपाटाच्या सावलीत ठेवलं, नहाणीचं पाणी घातलं, आणि सहाव्या वर्षी त्यांना पहिली फुलं आली. तोवर ओढ्याच्या दोन्ही काठांवर डांबर पडून जुनं झालं होतं.

या सगळ्यात व्हेस्टाने एक गोष्ट फार कसोशीने पाळली. दुसरा कुठलाही पॉपॉ परसाच्या आसपास येऊ दिला नाही. त्याला कारण मका. कॉडिलांच्या घरात चार पिढ्या एक पांढरा मका चालत आलाय. त्याच्या पिठाचा पाव लोखंडी तव्यात भाजतात आणि त्यात साखर घालणाऱ्याला या घरात पुन्हा जेवायला बोलावत नाहीत. शेजाऱ्याचा पिवळा मका त्याच सुमाराला फुलला तर पांढऱ्या कणसात पिवळे दाणे उमटतात, आणि बियाणं बाटलं. म्हणून व्हेस्टा चाळीस वर्षं शेजाऱ्यांची पेरणी विचारून मग आपली करत आली होती. जे मक्याला ते पॉपॉला, हे तिने गृहीतच धरलं. खताच्या ढिगात एकदा कुठल्याशा बीमधून पॉपॉचं एक रोप आपोआप उगवलं. चांगलं हातभर वाढलं होतं. तिने ते मुळासकट काढून कोंबड्यांना टाकलं.

चौथ्या वर्षी जूनमध्ये टोमॅटोच्या पानांवर काळे डाग आले म्हणून शेतकी कार्यालयातून मिस हेन्सली नावाची तरुण बाई आली. टोमॅटो पाहून झाल्यावर ती पॉपॉपाशी थांबली. फांद्यांवर दोरीचे तुकडे अजून लोंबत होते.

"ही चार झाडं कुठून आणलीत, मिसेस कॉडिल?"

"एकाच झाडाची आहेत. अस्सल. दुसरं काही मिसळू दिलं नाही."

"तिथंच तर गोम आहे."

"कसली गोम?"

"ही चार झाडं नाहीतच. एकच झाड चार ठिकाणी उभं आहे. पॉपॉ स्वतःचे पराग स्वतःला चालवून घेत नाही. त्याला परकं झाड लागतं."

"आणि परक्याचं फळ खायचं? मक्यात काय होतं ते पाहिलंय मी."

मिस हेन्सली शेतकऱ्याच्याच घरची होती. तिने वही मिटली. "मक्याचं आपण काय खातो? दाणा. दाणा म्हणजे बी. बापाचा गुण बीमध्ये उतरतो म्हणून दाणा पिवळा होतो. पॉपॉचा आपण गर खातो. गर सगळा आईचा. बाप फक्त बियांत."

व्हेस्टाने फांदीवरचा दोरीचा एक तुकडा सोडवला.

"आणि बिया तर तुम्ही थुंकताच ना?" मिस हेन्सली म्हणाली.

"मग एल्झीच्या झाडाला कशी धरत होती फळं? तिथं कोण परकं होतं?"

"ओढ्यापलीकडे एखादी राई होती का?"

होती. पलीकडच्या काठावर एक राई होती, बोटाएवढी कडू फळं यायची. ती पॉसमच तेवढे खायचे, म्हणून घळीत तिला पॉसमचं दुकान म्हणायचे. रस्त्याच्या कामात तीही गेली, आणि व्हेस्टाने तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने होबर्टला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसला. "म्हणजे मी तो पॉसम फुकट टांगला."

"पॉसमचं राहू दे. परकं झाड आणायचं कुठून? नवीन लावलं तर फुलायला सहा वर्षं. मी तोवर चौऱ्याहत्तरची होईन."

"झाडं कुणाकडं आहेत ते तुला माहीत आहे," होबर्ट म्हणाला.

तिला माहीत होतं. म्हणून तर तिने त्याच्याकडे न बघता भांडी घासायला घेतली.

डोंगराच्या पलीकडे, नऊ मैलांवर, होबर्टची बहीण लोरीन राहायची. तिने कॅटलॉगमधून दोन जातींची झाडं मागवून लावली होती. दोन लावा असं कॅटलॉगात छापलं होतं, तिने दोन लावली, आणि चौथ्या वर्षापासून तिला वीतभर लांबीची फळं येत होती. आठ वर्षांपूर्वी चर्चच्या जेवणावळीत तिने ती टेबलावर मांडली तेव्हा व्हेस्टा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "फळ मोठं आहे गं लोरीन. आत खायलाही काही घातलंय का?" तेव्हापासून दोघी एकमेकींशी हवापाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या.

अडचण दुहेरी होती. फुलं लोरीनकडून आणायची ही एक. दुसरी व्हेस्टाला जास्त टोचत होती. फळ आलंच, तर ते एल्झीचंच आहे हे सांगणार कोण? होबर्टने पन्नास वर्षं तंबाखू चघळलेली, त्याच्या जिभेला पुडिंग आणि पुठ्ठा सारखाच. व्हेस्टाचा स्वतःच्या जिभेवर विश्वास नव्हता. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर ती काहीही गोड मानून घेईल, हे तिला कळत होतं. त्या झाडाखाली लहानाची मोठी झालेली, आणि खोटं बोलून तिला खूश करण्याचं काहीही कारण नसलेली बाई एकच होती.

पुढच्या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी, व्हेस्टा ट्रक घेऊन डोंगर उतरली. लोरीन ओसरीत कांद्याची रोपं निवडत बसली होती.

"कोण गेलं?" लोरीनने विचारलं.

"कोणी नाही. होबर्ट बरा आहे."

"मग मंगळवारची कशी आलीस?"

"तुझ्या पॉपॉला फुलं आलीत."

"दरवर्षी येतात. पाठोपाठ फळंही येतात."

"त्याचसाठी आले. थोडी फुलं हवीत."

"काय म्हणालीस? या कानानं कमी ऐकू येतं मला."

"मग त्या कानापाशी येऊन बसते."

लोरीनने रोपं बाजूला ठेवली. व्हेस्टाने मक्यापासून पॉसमच्या दुकानापर्यंत सगळं सांगितलं, काही न वगळता. उपटून टाकलेल्या रोपाचंही सांगितलं. लोरीन ऐकत राहिली.

"माझ्या फळात खायला काही नाही म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. अजूनही म्हणते. मला फळ नकोय, पराग हवेत."

"बाबांच्या झाडाला माझ्या कॅटलॉगातला नवरा! बाबा कबरीतून उठून येतील, व्हेस्टा."

"येऊ देत. बटाट्याचे वाफे खणायला माणूस पाहिजेच आहे."

लोरीन हसली, पण उठली नाही. "माझी एक अट आहे. फळ पडलं की पहिलं मी खाणार, तुझ्या आधी. आणि मी खरं तेच सांगेन. बाबांचं नसेल तर नाही म्हणेन, आणि चर्चमध्ये विचारलं तर तिथंही नाहीच म्हणेन."

"म्हणून तर तुझ्याकडे आले," व्हेस्टा म्हणाली.

मग लोरीन उठली. जुनी झालेली, आतला गोळा तपकिरी होऊन भुरभुरायला लागलेली फुलं तिने काचेच्या बरणीत झटकली. घरात जाऊन एक इवलासा ब्रश आणला.

"हा कसला?"

"पापण्यांना रंग लावायचा. परत आणू नको. तुझ्याकडून येईल तो मानांचा वास घेऊन."

लोरीनचा उतार उन्हाचा, तिथली झाडं पाच दिवस आधी फुलतात. बरणी फ्रीजमध्ये लोणी आणि बेकनच्या मध्ये राहिली. व्हेस्टाची फुलं उघडली तेव्हा होबर्टने शिडी धरली आणि ती वर चढली. नुकतं उमललेलं फूल शोधायचं, त्याचं टोक हिरवं आणि चकचकीत असतानाच त्याला ब्रश लावायचा. दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो. तीन दिवसांत त्रेसष्ट फुलं झाली. त्या वर्षी तिने मान एकही टांगली नाही, आणि टपालवाल्याने गाडी थांबवून तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी केली.

मेच्या अखेरीस बावीस फुलांच्या जागी करंगळीच्या पेराएवढे हिरवे झुपके दिसले. जूनमध्ये झाडाने स्वतःच निम्म्याहून जास्त टाकून दिले. ऑगस्टमध्ये रकूनने दोन फळं नेली. उरली सात. रकूनला वर चढता येऊ नये म्हणून होबर्टने खोडांना पत्र्याचे पट्टे गुंडाळले. व्हेस्टाने खाली वाळलेल्या गवताचा जाड थर पसरला आणि रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन तिथं जाऊन उभी राहायला लागली. दाबून बघायचा मोह तिला दोनदा झाला आणि दोन्ही वेळा तिने स्वतःला फटकारलं.

चौदा सप्टेंबरला सकाळी एक फळ गवतात पडलेलं होतं. आंब्याच्या आकाराचं, सालीवर काळे ठिपके, वास अंगणाच्या दारापर्यंत. व्हेस्टाने ते उचललं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि फोन केला. नंतर चार तास ती त्याच खोलीत काम करत होती. होबर्ट म्हणाला, "एक चमचा घेतलास तर तिला काय कळणार आहे?"

"मला कळेल ना," व्हेस्टा म्हणाली.

लोरीन जेवणानंतर आली. चर्चला घालतात तो झगा घालून आली होती, हे होबर्टने नंतर सगळीकडे सांगितलं, आणि लोरीनने सगळीकडे नाकारलं. तिने फळ हातात घेऊन तोललं, वास घेतला आणि चाकूने मधोमध कापलं. पहिला चमचा. एक बी तिने तळहातावर काढली. दुसरा चमचा.

"बोल," व्हेस्टा म्हणाली.

"थांब."

तिसरा चमचा खाऊन लोरीनने तो खाली ठेवला, साल उलटी करून बोटांत धरली आणि लहान पोरांसारखी दातांनी खरवडली. तिचं तोंड वाकडं झालं. व्हेस्टाने टेबलाची कड धरली.

"सालीजवळ कडू आहे," लोरीन म्हणाली.

"हो?"

"हो. माझ्या झाडांना कडूपणा औषधालाही नाही. आई सारखी म्हणायची ना बाबांना, हे झाड तोडा नि चांगलं लावा, सालीजवळ जीभ भाजते. बाबा म्हणायचे, मग साल खाऊ नकोस." तिने साल बशीत ठेवली. "हे आमचंच आहे, व्हेस्टा. बाबांचंच आहे."

होबर्ट खिडकीतून बाहेर बघत राहिला. व्हेस्टाने दुसरं अर्धं पुढं ओढलं आणि मग खाल्लं. संपल्यावर तिने सगळ्या बिया मोजून ओल्या कापडात बांधल्या, कारण पॉपॉची बी एकदा वाळली की मेली.

"अकरा," ती म्हणाली.

"त्यातल्या अर्ध्या माझ्या," लोरीन म्हणाली.

"बियांपुरतं मान्य आहे. गराला हात लावू नकोस."

पुढच्या रविवारी चर्चच्या जेवणावळीत उरलेल्यातली चार फळं टेबलावर होती. शाळेत व्हेस्टाचं पुडिंग खाल्लेली माणसं रांगेत उभी राहिली आणि चमचा चमचा वाट्याला आला. हे एल्झीचंच का, असं कोणी विचारलं की लोरीनच पुढं होऊन उत्तर द्यायची. इतकी वर्षं ज्यांनी मानांवरून टोमणे मारले त्यांना व्हेस्टाने काही सुनावलं नाही. ती टेबलाच्या टोकाशी उभी होती, हात बांधून, आणि रांग किती लांब गेलीय ते बघत होती. रांग दरवाजाबाहेर गेली होती.

त्या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मिस हेन्सलीने तिला कलम बांधायला शिकवलं. बिया हिवाळाभर फ्रीजमध्ये ओल्या वाळूत ठेवायच्या, वसंतात पेरायच्या, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर एल्झीच्या नाहीतर लोरीनच्या झाडाची काडी बांधायची. व्हेस्टाचा हात बसायला एक वर्ष आणि तीस रोपं गेली. आज टर्टल फोर्कच्या घळीत एकोणीस परसांत तिची कलमं उभी आहेत, आणि त्यांपैकी सहा फळायला लागलीत. ती कोणालाही एक कलम देत नाही. दोनच देते. एका कुंडीवर पांढऱ्या रंगाने 'टर्टल फोर्क' लिहिलेलं असतं आणि दुसरीवर 'लोरीन'. कॅटलॉगमधलं नाव लिहायला तिने साफ नकार दिलाय.

गेल्या वसंतात नवे पाद्री आले, शहरातून बदलून आलेले. त्यांनी परसात उभं राहून सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, "मिस व्हेस्टा, मला एकच द्या. ते मूळचं. चर्चच्या घरामागे जागा फार कमी आहे हो."

"किती कमी?"

"एका झाडापुरती."

"मग टोमॅटो लावा," व्हेस्टा म्हणाली, आणि दोन्ही कुंड्या उचलून पुन्हा सावलीत ठेवल्या.

शनिवारी पाद्री कुंपण चार फूट मागं सरकवून परत आले आणि दोन्ही घेऊन गेले.